दिगू गाईड आणि बाळंतिणीचा कोपरा

अजूनही गाड्या येतात. मोठ्या रस्त्यावरून खाली उतरतात, आमच्या पेरूच्या बागेपाशी थांबतात, आणि काच खाली करून कुणीतरी विचारतं, "दिगू गाईड इथंच राहतात ना?"

मी पदर पुढे ओढते आणि मान हलवते. नाही. आता इथं राहत नाहीत. तेवढ्यावर तो माणूस गाडी फिरवून जाईल तर बरं, पण जात नाही. सांगायला लागतो. "काय माणूस हो! आयुष्यातला पहिला मासा मला त्यांनी पकडून दिला." असं कुणी म्हणालं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ओकारीच्या आधी सुटतं ना, तसलं.

परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे त्या माणसांना मी काही सांगत नाही. इथं लिहिते.

दिगूभावजी माझे चुलत दीर. आमच्या ह्यांच्यापेक्षा लहान. दोन घरं शेजारी शेजारी, अंगण एकच, मधे तुळस. पलीकडे त्यांची बायको सुमन, माझी धाकटी जाऊ. आमचं रान पळसदेवच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. वर पेरू आणि भाजीपाला. खाली, उन्हाळ्यात पाणी हटलं की उघडी पडते ती गाळाची जमीन. त्या जमिनीत आम्ही गाळपेर करतो, कलिंगड लावतो, जनावरांना मका करतो. पाणी रोज थोडं मागे जातं, जमीन रोज थोडी पुढे येते. काल जिथं होडी लागत होती तिथं आज चिखल, आणि परवा त्या चिखलाला भेगा.

माझं माहेर कऱ्हाटीचं. आमच्या लहानपणी तिकडं पाणी म्हणजे घागर. लग्न होऊन इथं आले तेव्हा एवढं पाणी बघून मी घाबरले होते. आणि त्या पाण्याला उन्हाळ्यात वास येतो हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. चैत्र लागला की पाणी हिरवं होतं. पाय घालावा तर पायाला शेवाळाचा चिकटा बसतो, साबणाने जात नाही. भावजी ह्याच पाण्यात तंबाखूची पिंक टाकायचे आणि त्याच जागेवरून ओंजळीने चूळ भरायचे.

आधी ते भाजीचा टेम्पो चालवायचे, बारामतीच्या मार्केटला. एकदा परतीच्या फेरीत कुणी शहरातला माणूस त्यांच्या शेजारी बसून आला. त्याला गळाने मासे धरायची हौस होती. भावजींनी त्याला होडीत बसवलं, दुपारपर्यंत फिरवलं, आणि त्याच्या गळाला मोठी मरळ लागली. तो माणूस लहान पोरासारखा नाचला म्हणे. त्या दिवशी भावजी घरी आले ते वेगळेच. टेम्पो सुटला आणि भावजी गाईड झाले.

निमगाव केतकीच्या बाजारातून त्यांनी मिलिटरीच्या रंगाची एक पँट आणली. तिला गुडघ्यापर्यंत खिसे. एका खिशात गळ, एकात तंबाखू, एकात गांडुळांची डबी, एकात चपातीची गुंडाळी. कुठल्या खिशात काय, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे. धुवायला सुमन बसायची. एकदा तिने खिशात हात घातला आणि किंचाळलीच. मेलेला बेडूक होता. फुगून खिशाच्या आकाराचा झालेला.

"आगं टाकू नगंस," भावजी आतून ओरडले, "उद्या लागंल!"

त्यांना किळस ही गोष्ट देवाने दिलीच नव्हती. कोंबडीच्या दुकानातून ते आतड्यांची बादली आणायचे आणि झाकण न घालता उन्हात ठेवायचे, बरोब्बर तुळशीशेजारी, कारण ऊन तिथंच चांगलं लागतं. दुसऱ्या दिवशी त्या बादलीत हालचाल सुरू व्हायची. मी नाक दाबून ती बादली उकिरड्यावर नेऊन ठेवायची, ते परत आणायचे.

"वयनी, वास सुटला म्हंजी माल तयार झाला. हॉटेलातल्या मसाल्यागत हाय ते."

कणकेचं आमिष तर ते माझ्याच परातीत मळायचे. कणीक, पेंड, हिंग, एक अंडं. मळून झालं की त्यातली एक गोळी चक्क तोंडात टाकायचे. डोळे मिटून चघळायचे. "माशाला जे घालायचं ते आदी गाईडला गोड लागलं पायजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि पाहुणे ह्या वाक्यावर खूश व्हायचे. बोट चाटून तोच हात ते पाहुण्यांच्या चहाच्या कपाला लावायचे. कप मी विसळलेला असायचा. मला कुठं तरी जाऊन बसावंसं वाटायचं.

पाहुण्यांशी ते वेगळ्याच भाषेत बोलायचे. "सर, आज प्रेशर डाऊन हाय. फिश मूडमदी न्हाय." "सर, वॉटर रोज ड्रॉप व्हतंय, त्यामुळं फिशचं डोकं फिरलंय." मी आणि सुमन मागे चुलीपाशी भाकरी थापत हे ऐकायचो. सुमन पदर तोंडात कोंबून हसायची. "आक्का, ह्यांचंच प्रेशर डाऊन हाय. रातभर खोकलेत."

पण खोटं कशाला लिहू, पाणी त्यांना कळायचं. सांजच्याला पाण्याच्या कडेला ते एक काडी रोवून यायचे आणि पहाटे जाऊन बघायचे, पाणी काडीपासून किती हटलं. कालव्याला पाणी सोडलं की ते जास्त हटायचं. मासा मग उथळ जागा सोडून बुडालेल्या बाभळींच्या बुडाशी जायचा. सकाळी गार, दुपारी आग, आणि मधेच आभाळ येऊन वारा फिरला की मासा तोंड मिटून बसायचा. हे सगळं ते नुसता पाय पाण्यात घालून सांगायचे. आमचे हे म्हणायचे, "दिग्याच्या पायाला नाक हाय."

आणि ह्यांना घोणस चावली तेव्हा भावजीच धावले. मोटारसायकलवर मधे बसवून, मागे सुमनच्या भावाला धरायला लावून, इंदापूरला दवाखान्यात नेलं. दोन रात्री तिथून हलले नाहीत. मी डोळ्यात पाणी आणून त्यांच्याकडे बघत होते. आणि हे शुद्धीवर यायच्या आत त्यांनी डॉक्टरांना, कंपाउंडरला आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या जावयाला आपलं कार्ड वाटलं होतं. कार्डावर मरळीचं चित्र, आणि खाली छापलेलं, "रिकाम्या हाताने कुणी जात नाही."

हे वाक्य हीच त्यांची इज्जत होती. आणि त्यापायी त्यांनी जे केलं, तेच मला घशाखाली उतरत नाही.

मासा काही कुणाच्या कार्डाला बांधलेला नसतो. फाल्गुन-चैत्रात पाणी हटतं, वारा फिरतो, दिवस दिवस काही लागत नाही. पाहुणा दहा वाजेपर्यंत उन्हात बसतो, मग घड्याळ बघतो, मग दुसऱ्या पाहुण्याकडे बघतो. भावजींना ते बघणं सहन व्हायचं नाही. मग त्यांनी काय केलं, एक मोठी मरळ जिवंत धरून आमच्या गोठ्यामागे निळ्या पिंपात ठेवली. मरळ चिवट असते. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे थोड्या पाण्यातही जगते. पाहुणे यायच्या दिवशी पहाटेच ते तिला नेऊन एका बुडालेल्या बाभळीला पाण्याखाली बांधायचे. खालच्या जबड्याला भोक पाडून त्यातून नायलॉनची दोरी.

पुढचं मला सुमनने सांगितलं आणि मग एकदा मी रानातून डोळ्याने बघितलं. पाहुणा कंटाळला की भावजी होडी त्या बाभळीजवळ न्यायचे. "सर, थांबा थांबा, तुमचा गळ अडकला. द्या हिकडं." रॉड हातात घेऊन होडीच्या दुसऱ्या बाजूला वाकायचे, पाण्यात हात घालून दोरी सोडायचे आणि गळ त्याच भोकात अडकवायचे. मग एकदम किंचाळायचे, "सर! फिश! वढा सर, वढा!"

पाहुणा ओढायचा. मरळ उसळायची. फोटो व्हायचे. भावजी मग टोपी काढून हात जोडायचे. "सर, एक इच्छा हाय. हिला सोडून देऊ. तुमाला पुण्य लागंल." पाहुण्याचे डोळे भरून यायचे. टाळ्या वाजायच्या. भावजी मासा दोन हातांत धरून पाण्यात सोडायचे, म्हणजे परत दोरीला बांधायचे. संध्याकाळी ती मरळ पिंपात.

कितीजणांनी ती एकच मरळ पकडली असेल, देव जाणे. तिच्या जबड्याचं भोक वाढत वाढत जुन्या पोत्याच्या शिवणीसारखं उसवलं होतं. अंगाचा चिकटा गेला, पाठीवर पांढरे डाग पडले. गोठा झाडायला गेले की पिंपातून ती वर यायची, 'बुळ्ळ' करून हवा घ्यायची आणि खाली जायची. मी तिकडे पाठ करून झाडायची.

आमच्या ह्यांना मी एकदा म्हणाले. ते म्हणाले, "त्यो त्याचा धंदा हाय. आपल्याला काय करायचंय?"

आता त्या कोपऱ्याचं सांगते.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला पाणी आत घुसून एक कोपरा झाला आहे. तीन बाजूंनी लव्हाळा, मधे एक वाळकी बाभूळ. सगळीकडचं पाणी हटलं तरी तिथं कमरेएवढं राहतं. उन्हाळा लागला की तिथं मरळ पिलं घालते. पिलं लाल असतात, अगदी लहान, आणि हजारोंनी एका जागी गोळा होऊन फिरतात. हवा घ्यायला वर आली की पाण्यावर शेंदूर सांडल्यासारखं दिसतं, आणि पाणी तेवढ्याच जागी भात शिजल्यासारखं खदखदतं. खाली नर-मादी दोघं राखण करत असतात. त्या दिवसांत ती दोघं काही खात नाहीत म्हणतात, पण पिलांजवळ काही आलं की त्याच्यावर तुटून पडतात. बेडूक असो, साप असो, काही असो.

ह्याला आमच्याकडे बाळंतिणीचा कोपरा म्हणतात. तिथं लाल पाणी दिसलं की घरातल्या बाईने जाऊन त्या वाळक्या बाभळीला फडकं बांधायचं. आपल्या अंगावरच्या जुन्या चोळीचं फडकं. ते बांधलं की पाऊस पडेपर्यंत तिथं कुणी जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, म्हैस घालायची नाही. आमच्या वस्तीवर आणि पलीकडच्या वस्तीवरही हे सगळ्यांना माहीत होतं. फडकं बघून होड्या लांबून वळायच्या. इथली मरळ सगळी ह्या कोपऱ्यातून होते, असं जुनी माणसं म्हणायची, आणि ते खरंच असावं, कारण बाकी किनाऱ्यावर आता लव्हाळा राहिलेला नाही.

आधी फडकं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधायच्या. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला बोलावून चोळीचा तुकडा हातात दिला. "आता तू," एवढंच म्हणाल्या. ह्या घरात रान ह्यांचं, जनावरं ह्यांची, बाजार ह्यांचा. माझ्या एकटीच्या हातात दिलेली गोष्ट तेवढीच. माणसांत मी बोलत नाही, पण माझं फडकं बघून माणसं होडी वळवतात, ह्याचं मला फार अप्रूप वाटायचं. लाल पाणी दिसल्यापासून मी रोज एकदा लव्हाळ्यातून डोकावून यायची. पिलं काळसर होत गेली, पांगायला लागली, की जीव भांड्यात पडायचा.

भावजींना हे सगळं ठाऊक होतं. त्यांच्याही आईने फडकं बांधलेलं होतं. इतकी वर्षं त्यांनीही त्या कोपऱ्यात गळ टाकला नव्हता, हे मी कबूल करते.

त्या वर्षी पुण्याहून एक सर येणार होते. माशांचे व्हिडिओ काढणारे. भावजींनी आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं. "वयनी, ह्या सरांनी आपल्याला दाखवलं ना, तर उनाळाभर गाड्यांची रांग लागंल. आन् मासा न्हाय लागला तर तेबी दाखवत्यात ते. मग हाय आपला टेम्पो." टेम्पोचं नाव त्यांना नको असायचं.

दोन दिवस नुसती आग पडली होती. तिसऱ्या पहाटे आभाळ भरून आलं, वारा उलटा सुटला. नेमक्या त्या पहाटे पिंपातली मरळ मेली.

मी शेण काढत होते. भावजी तिला पिंपाबाहेर काढून हातात धरून बसले होते. तिच्या कल्ल्यात पाणी ओतत होते, तिला पुढे मागे हलवत होते, थोबाडीत मारल्यासारख्या चापट्या देत होते. "उठ की गं. आजच्या दिस. उठ." मग तिला उकिरड्यावर भिरकावलं. कुत्री आली, हुंगून परत गेली. तिला कुत्र्यांनीही तोंड लावलं नाही.

हात पँटला पुसून ते सरांना आणायला रस्त्यावर गेले.

सर, त्यांचे दोन मित्र आणि भावजी होडीत बसून गेले. मी आणि सुमन गाळपेरीत कलिंगडं खुरपत होतो. ऊन चढलं तरी आरडाओरडा ऐकू येईना. सुमन म्हणाली, "आक्का, लागंना वाटतं." मला मनातून बरं वाटलं. एकदा तरी कुणी रिकाम्या हाताने जाऊ दे.

मग होडी वळली आणि सरळ आमच्या कोपऱ्याकडे यायला लागली.

आधी मला वाटलं, फडकं दिसलं की वळतील. वळले नाहीत. लव्हाळ्यात होडी घुसली. मी बांधलेलं पिवळं फडकं त्यांच्या डोक्याच्या वर हलत होतं, आणि हाताच्या अंतरावर लाल पाणी खदखदत होतं. सर उभे राहिले. "ओ माय गॉड, हे काय आहे?" मित्राने कॅमेरा लावला.

मी खुरपं टाकलं आणि चिखलात उतरले. पाय पोटरीपर्यंत रुतले. परक्या तीन पुरुषांसमोर मी जन्मात ओरडले नव्हते.

"भावजी! फडकं हाय तितं!"

"दिसतंय वयनी, दिसतंय," भावजी म्हणाले. माझ्याकडे न बघता. "धरून सोडायचीच हाय. मारतोय व्हय मी?"

"काय म्हणतायत त्या?" सरांनी विचारलं.

"काय न्हाय सर. जेवायला काय करू, इचारत्यात."

मागून सुमनही ओरडली, "अवो, पिलं हायती तितं!" पण त्यांनी तोवर रबरी बेडूक सरांच्या गळाला अडकवला होता. "सर, त्या लालमदी टाका. बरोब्बर मदी."

बेडूक पडला. पाणी फुटल्यासारखं झालं. मरळ त्याच्यावर तुटून पडली, खाण्यासाठी नव्हे, पिलांसाठी. सर ओरडले, रॉड वाकला, आणि ती होडीत येऊन पडली. माझ्या दंडाएवढी जाड, काळी कुळकुळीत, एकही डाग नसलेली.

ती चिकट, हातात ठरेना. सरांच्या हातातून दोनदा निसटली. तेव्हा भावजींनी हात वर केला, बाभळीचं फडकं सोडलं, आधी त्याला स्वतःचे हात पुसले, तोंड पुसलं, आणि मग ते सरांना दिलं. "ह्यानं धरा सर. ग्रिप येती."

माझ्या चोळीच्या फडक्यात धरून सरांनी तिचे फोटो काढले. एक गॉगल लावून, एक गॉगल काढून. एक भावजींबरोबर, एक मित्रांबरोबर. मग कॅमेऱ्याकडे बघून बोलले, बराच वेळ. निसर्ग, आदर, असं काहीतरी. ती तोंड उघडत होती, मिटत होती.

आणि इकडे पाण्यात आवाज सुरू झाला. चिलापी. लव्हाळ्याच्या कडेने दबा धरून बसलेली असते ही मासळी, राखण हलली की पिलं खायला येते. पंगतीत कढीचे भुरके मारावेत तसा आवाज. भुरर्, चप, भुरर्. दुसरी मरळ खालून एकटी इकडून तिकडे धावताना पाण्यावर रेघ दिसत होती. एका बाजूला धावली की दुसऱ्या बाजूला भुरके. लाल पाण्याचे आधी दोन तुकडे झाले, मग चार, मग नुसते ठिपके. सगळं माझ्यापासून दहा पावलांवर. आणि होडीतली चारही माणसं त्या आवाजाकडे पाठ करून हसत होती.

शेवटी तिला सोडली. ती आडवी झाली, एका कुशीवर तशीच खाली गेली. वर आली की नाही, मला दिसलं नाही.

फडकं होडीच्या तळाला पडलं होतं, पाण्यात आणि चिकटात.

दुपारी त्यांना जेवायला वाढायचं होतं. मी वाढलं नाही. सुमनने वाढलं. मी चुलीच्या आड बसून ऐकत होते. चौघं कालवणाचे भुरके मारत होते, अगदी तोच आवाज. सर म्हणाले, "दिगूभाऊ, तुम्ही म्हणजे या पाण्याचे राजे." भावजी बोटं चाटत म्हणाले, "सर, आपलं एकच हाय. रिकाम्या हातानं कुणी जात न्हाय." मी उठून गोठ्यामागे गेले आणि ओकले.

संध्याकाळी सुमनने त्यांना चांगलंच धरलं. "लाज वाटली न्हाय? आक्काचं फडकं व्हतं."

"आगं, फडकंच व्हतं ना? दुसरं बांदा की," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "वयनी, पाण्यात पिलांना काय तोटा हाय का? लई असत्यात. त्यातली जगत्यात किती?"

आमचे हे खाटेवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या आता. घरातलंच माणूस हाय."

ह्या वाक्याची मला भावजींपेक्षा जास्त शिसारी आली, हेही लिहून ठेवते.

व्हिडिओ खूप चालला. भावजी म्हणाले तसंच झालं, गाड्यांची रांग लागली. नवी टोपी आली, नवी होडी आली, तिला मशीन आलं. फडकं सोडून हात पुसल्याचं व्हिडिओत सगळ्यांना दिसलं होतं, पलीकडच्या वस्तीवरच्या पोरांनाही. वाळक्या बाभळीचा धाक त्या दिवसापासून संपला. त्याच उन्हाळ्यात तिथं कुणीतरी जाळं टाकलं, मग म्हशी घातल्या. लव्हाळा तुडवला गेला. दुसऱ्या चैत्रात मी रोज जाऊन बघत होते. पाणी हिरवं होतं, कडेला फेस होता, चिलापीची खळबळ होती. लाल काही दिसलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

तोवर भावजींना दुसरीकडच्या एका धरणावर मोठ्या हॉटेलात बोलावणं आलं. पाहुण्यांना पाण्यावर फिरवायचं, पगार, राहायला खोली. सुमन रडत गेली. जायच्या आधी तिने बादली आणि पिंप घासून ठेवलं, तरी वास गेला नाही.

पाण्यावर ते शेवटचे दिसले ते त्या पुढच्या वर्षीच्या चैत्रात, जायच्या आठवड्यात.

मी कलिंगडाच्या वाफ्यात होते. होडी आली, मशीन बंद झालं. सात-आठ जण होते, बायका आणि मुलंही. भावजी उतरून चिखलातून बाभळीपाशी गेले आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. पाय पाण्यात घातला, काढला. लव्हाळ्याचे खुंट हाताने बाजूला करून बघितले, आधी ह्या बाजूला, मग त्या बाजूला. पाठमोरे होते. खांदे असे पडलेले की क्षणभर मला ते म्हातारे वाटले.

"वयनी," ते हळूच म्हणाले, "औंदा फडकं बांदलं न्हाय?"

"कशाला बांधू?" मी म्हणाले. "कुणासाठी?"

मागून कुणीतरी हाक मारली, "दिगूभाऊ, काय आहे तिथे?"

त्यांनी खिशात हात घातला. एक मळका रुमाल काढला, झटकला, आणि बाभळीच्या फांदीला नीट गाठ मारून बांधला. मग वळले तेव्हा तोंडावर तेच हसू होतं.

"सर, मॅडम, या पुढं, पर हळू या. चपला काढा. ही आमच्या गावाची परंपरा हाय. आई पिलांवर बसली की आमी असं फडकं बांदतो, मग हितं कुणी पाण्याला हात लावत न्हाय. आवाज करू नका. ती खालीच हाय."

सगळ्यांनी चपला काढल्या. एका बाईने हात जोडले. लहान मुलं आईला बिलगून उभी राहिली. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. हिरव्या पाण्यावर फेस आणि त्यात काही नाही. आणि भावजी त्या सगळ्यांच्या पुढे, टोपी छातीशी धरून, तोंडाला बोट लावून, सगळ्यांत जास्त गप्प उभे होते.